पहिली टाकी हिरवीच हवी

नानांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि आधी टाक्यांकडे बघितलं. पहिली टाकी स्वच्छ होती. पाणी इतकं नितळ, की तळ दिसत होता. वर काठाला झेंडूची माळ.

माझ्या एका बाजूला परदेशी पाहुणे उभे होते, दुसऱ्या बाजूला आमचे जनरल मॅनेजर प्रधान साहेब. दोघंही खूश. बोंब मारावीशी फक्त मला वाटत होती.

का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. नव्वदच्या दशकाची सुरुवात. जळगावात नळ आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी व्हेंडर डेव्हलपमेंटला होतो. म्हणजे आमची कामं बाहेर करून देणाऱ्या छोट्या कारखानदारांना सांभाळायचं, आणि साहेबांपासून वाचवायचं. आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीला त्या सुमारास पर्यावरणाची काळजी वाटू लागली. तुमच्या पुरवठादारांनी पाणी आणि रसायनं वाया घालवू नयेत, त्यासाठी आपण ऐच्छिक भागीदारी करू, असं त्यांनी कळवलं. प्रधान साहेबांनी सगळ्या पुरवठादारांना बोलावलं.

"हे संपूर्णपणे ऐच्छिक आहे," साहेब म्हणाले. "ज्याची इच्छा नसेल त्यानं आत्ताच सांगावं. त्याचं काम उद्यापासून दुसऱ्याला देऊ."

सगळ्यांची इच्छा झाली.

नानांची शेड अमळनेरच्या बाहेर होती. आमच्या पितळी नळांवर ते निकेलचा मुलामा चढवायचे. शेडमधली मोरी मागच्या नाल्यात, आणि नाल्याच्या काठावर आबांची विहीर. आबा म्हणजे नानांचे लहानपणचे दोस्त. पण विहिरीच्या पाण्याला हिरवी झाक आली, म्हशी हौदाला तोंड लावेनात, तेव्हापासून आबांनी नानांशी बोलणं टाकलं होतं. नाना कामाचं काहीही बोलत असले तरी मध्येच "आबाचं पाणी सुधरेल ना, साहेब?" असं विचारायचे. भागीदारीच्या फायली गेल्या खड्ड्यात, ती विहीर सुधारायची, एवढंच मी मनाशी धरलं होतं.

दुखणं साधं होतं. निकेलच्या गरम द्रावणातून नळ वर काढला की त्याला थोडं द्रावण चिकटून येतं. कामगार तो लगेच वाहत्या पाण्याखाली धरायचे. द्रावण मोरीत, मोरी नाल्यात, नाला आबांच्या विहिरीत. उपायही साधाच. नळ द्रावणावरच जरा वेळ निथळू द्यायचा. मग साठवलेल्या पाण्याच्या पहिल्या टाकीत बुचकळायचा, आणि त्यानंतर वाहत्या पाण्यात धुवायचा. पहिल्या टाकीचं पाणी कधीच सोडायचं नाही. ते दिवसेंदिवस हिरवं होत जातं, कारण सगळं निकेल तिथं अडतं. खानदेशातल्या उन्हाळ्यात गरम द्रावणाची वाफ होऊन पातळी उतरतेच. ती भरून काढायला हेच हिरवं पाणी परत वापरायचं. थोडक्यात, टाकी जितकी हिरवी तितकी विहीर निर्मळ.

नानांनी हे मनापासून केलं. दोन-तीन महिन्यांत मोरीचं पाणी निवळलं. आबांच्या म्हशी हौदावर यायला लागल्या. आबा नानांशी बोलायला लागले. मी रिपोर्ट पाठवला, आणि तो वाचून पाहुणे स्वतः बघायला निघाले. प्रधान साहेबांनी नानांना तारीख कळवली. घोळ झाला तो इथं.

मी नानांना बाजूला घेतलं. "नाना, टाकीतलं हिरवं पाणी कुठंय?"

"धोई टाकं ना साहेब, कालदिन. बठ्ठी शेड धोई टाकी. चुना बी मारा."

"अहो, पण पाणी सोडलं कुठं?"

"मोरीमा." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "साहेब, रोजनी गोष्ट येगळी. पाहुना येतस त्या दिन त्यासले काय घान दखाडानी?"

एवढ्या महिन्यांचं अडवलेलं निकेल नानांनी पाहुण्यांच्या मानासाठी एका दमात सोडून दिलं होतं. सणाला घर धुऊन काढतात, तितक्याच श्रद्धेनं.

पाहुणे मूळचे अकाउंट्सचे. त्यांनी नितळ टाकीचे फोटो काढले. "पहिली टाकीसुद्धा इतकी स्वच्छ!" साहेब म्हणाले, "आमच्याकडे शिस्त आहे." मी तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आबा आत आले. लाल डोळे, तावातावाची चाल. पण शेडमध्ये पाहुणे दिसले आणि आबांनी टोपी सारखी केली, हात जोडले, बाकावर बसले. नानांनी त्यांना चहा दिला.

हे शेजारच्या विहिरीचे मालक, असं मी सांगितल्यावर पाहुण्यांना हुरूप आला. यांना या कारखान्याचा काही त्रास आहे का, असं मला विचारायला सांगितलं. मी विचारलं.

आबांनी नानांकडे बघितलं. नाना जमिनीकडे बघत होते. "काहीच तरास नही," आबा म्हणाले. "बठ्ठं चांगलं शे."

पाहुण्यांनी ते लगेच लिहून घेतलं. स्थानिक समाज समाधानी.

फायलींचं निमित्त सांगून मी मागं राहिलो. गाडी वळणाआड गेली आणि आबा उठले.

"नाना, तुना पाहुना गयात. आते मन्या म्हशी काय पितीन? सकायथीन हिरीमा हिरवं पानी शे."

 मी आबांना विचारलं, "मग मघाशी का नाही बोललात?"

"पाहुनासना समोर?" आबा माझ्यावरच उखडले. "आमना गावनी काही इज्जत शे का नही?"

मला हसू येत होतं आणि रडूही. दोघा दोस्तांनी मिळून पाहुण्यांचा मान राखला होता, आणि त्यात विहीर गेली होती. त्या उन्हाळ्यात आमचे नळ पोचवणाऱ्या टेम्पोतून नाना रोज घरून पाण्याची पिंपं आणून आबांच्या हौदात ओतत होते. विहीर थेट पावसाळ्यानंतर ताळ्यावर आली.

परदेशी कंपनीनं नानांना सर्टिफिकेट दिलं. नितळ टाकीचा फोटो छापून आमच्या सगळ्या पुरवठादारांना पाठवला, खाली 'असं करा'. मी प्रधान साहेबांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "आता फोटो छापून झालाय." पुढं मी धुळ्यापासून धरणगावपर्यंत शेड-शेड फिरून, त्या फोटोत दिसतं तसं अजिबात करू नका, हे सांगत होतो. आणि पाहणीची तारीख कुणालाही आधी कळवायची नाही, एवढा धडा मी घेतला.

नानांची टाकी पुन्हा हिरवी झाली. तेव्हापासून म्हशींना हौदावर सोडण्याआधी आबा रोज सकाळी शेडमध्ये डोकावायचे, टाकीत वाकून बघायचे आणि नानांना म्हणायचे, "हिरवीगार शे. मंग ठीक."