दुखण्याची आणेवारी

आमच्याकडे बाईचं दुखणं पुरुषाने सांगायची रीत होती. बारामतीच्या दवाखान्यात बाई पदर ओढून बाकावर बसे आणि नवरा डॉक्टरांपुढे उभा राहून तिचं सगळं सांगे. एकोणीसशे तिसाच्या पुढच्या एका साली बायकोला निमगाव केतकीहून बैलगाडीने नेलं, तेव्हा मीही तेच केलं.

डॉक्टर वयस्क होते. पुण्याला डॉक्टरकी शिकणारा एक विद्यार्थी सुट्टीत त्यांच्या हाताखाली आला होता. डॉक्टरांनी पोटातली गाठ तपासली, पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणाले आणि आतल्या रोग्याकडे गेले. समजावून सांगायला विद्यार्थी थांबला.

मला प्रत्येक गोष्टीचा आकडा लागतो. मी विचारणार, तोच बायको बोलली.

"दादा, पिकाची आणेवारी सांगत्यात तशी माझी सांगा. कापल्यावर सोळा आण्यांत किती आणं बरी हुईन?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "चौदा आणे."

"चौदा? आवंदा आमच्या मिरचीलासुदिक येवढं न्हाईत," ती हसली. "मग जाऊ की पुण्याला."

डॉक्टर बाहेर आले. "चौदा कुठून आणलेस?"

विद्यार्थी चाचरला. "घाबरून नको म्हणाल्या असत्या. त्यांच्या भल्यासाठीच..."

"मग ती 'जाऊ' म्हणाली ते कशाला? तुझ्या चौदा आण्यांना. कापायचं मात्र तिचं पोट. खरं सांग. माझ्याकडे बघू नकोस, यांच्याकडेही नको. तिच्याकडे बघ."

तो तिच्यासमोर खाली बसला. "बाई, मी खोटं सांगितलं. फार तर चार आणे. न कापलं तर तेवढेही नाहीत; पण काही महिने हिंडत्याफिरत्या राहाल."

"चार तर चार, आपण जाऊ," मी म्हणालो.

"तुमी जरा गप ऱ्हावा. प्वाट माझं हाय." मग डॉक्टरांना म्हणाली, "मला बावड्याला आयेकडं जायाचंय. लगीन झाल्यापास्नं सणाबिगर कदी ऱ्हायलेच न्हाई."

"जा. मन बदललं तर केव्हाही या. दुखणं सुसह्य होईल असं औषध मी देईन."

माझा भाचा आता डॉक्टरकी शिकतो. हाडांची नावं घडाघडा म्हणून दाखवतो. रोग्याशी खरं कसं बोलायचं हे कोण शिकवतं, असं मी त्याला विचारलं. तो हसला. "मामा, ते आपोआप येतं."

"नाही येत," मी म्हणालो. "शिकवावं लागतं. मी शिकवताना बघितलंय."

बायकोचं मन बदललं नाही. बाजार उरकला की मी बावड्याला जायचो. मायलेकी ओट्यावर मेथी निवडत असायच्या. घरी आमचं बोलणं पाण्याच्या पाळीचं नि मिरचीच्या भावाचं. तिथे ती लहानपणीचं सांगायची. नीरेच्या डोहात ती पोरांच्या बरोबरीने पोहायची, हे मला तिथे कळलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मला ते माहीत नव्हतं. मी उठलो की म्हणायची, "बसा की, बैल काय रुसल्यात व्हय?" मी बसायचो.

तो उन्हाळा तेवढा मिळाला. अजून बाजारात मेथीच्या ढिगापाशी पाय थबकतो आणि विचारायचं राहिलेलं आठवतं: तिला पोहायला शिकवलं कुणी?