चिंचेनं घासलेलं घड्याळ

नौपाड्यात जुन्या घड्याळांची किंमत करणारा एक माणूस आहे. संध्याकाळी मी त्याच्या दुकानात टेकतो. त्याचं प्रत्येक बोलणं 'नाही'नं सुरू होतं. "नाही, बसा ना काका. नाही, चहा सांगतो." घड्याळ आलं की आधी कान लावतो, मग दार उघडून नाक आत घालतो, आणि तोंडावर किंमत सांगतो. गिऱ्हाईक रडलं तरी ती हलत नाही.

आमची ही गेल्यावर घरातलं लंबकाचं घड्याळ मला बघवेना. विकायचं ठरवून त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. त्यानं लंबकाची पितळी चकती निरखली.

"नाही काका, वाट लावलीय. चिंचेनं कोण घासायचं?"

"बायको. दर दिवाळीला."

"नाही, मूळची नक्षीच गेली. निम्मीसुद्धा किंमत येणार नाही."

शेजारचं गिऱ्हाईक कुजबुजलं, "अहो, वारल्यात त्या. जरा जपून बोला."

"नाही, मग खोटं सांगू?"

मला राग आला नाही. ती गेल्यापासून सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं गोड बोलतात. ह्यानं तिच्या हातचं काम नीट बघितलं आणि खरं ते सांगितलं.

मी घड्याळ चादरीत परत गुंडाळलं. तो उठून रिक्षापर्यंत आला आणि त्यानं मला ते मांडीवर उभं धरायला लावलं.

"नाही, ठेवताय तर ठेवा. पण आता घासू नका."

"घासणार," मी म्हटलं. "ह्या दिवाळीला चिंच मी भिजवणार. तू किंमत आणखी उतरव."