झिंग्यांचं बाळंतपण

नरोलीच्या आमच्या खोलीत फिशटँक आला तो नवऱ्याच्या हौसेने. तो सुताच्या कारखान्यात सुपरवायझर; घरी आल्यावर त्याला मासे बघत बसायचं होतं. महिन्याभरात मासेही संपले आणि हौसही फिटली. रिकामी काचेची पेटी माझ्या गळ्यात पडली, आणि चांगली वस्तू टाकून देणं माझ्या स्वभावात नाही.

एकदा रांधा गावाजवळच्या ओढ्यावर काही वारली बायका टोपल्यांनी झिंगे धरताना दिसल्या. नखाएवढे, आरपार दिसणारे. मी मूठभर मागून डब्यात घेतले. एवढ्याशाचं कालवण कसं होणार, असं विचारून त्या हसल्या. मला कालवण करायचंच नव्हतं. झिंगे टँकमध्ये शेवाळ खाऊ लागले आणि मी कामातून गेले. तव्यावर पोळी करपायची, मी टँकसमोर. एक झिंगा तळाशी पांढरा पडलेला बघून मी हळहळले, तर ते त्याचं टाकलेलं कवच निघालं. साहेब मागे नव्या अंगाने फिरत होते.

मग एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा हिरवट घोस दिसला. तिला मी काचेच्या बरणीत वेगळी ठेवली. विहिरीचं पाणी, ओढ्याचं शेवाळ. ही पिल्लं मला जगवायचीच होती, आणि ते मला जमेल याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

त्यातच सासूबाई धुळ्याहून राहायला आल्या, सोबत त्यांचा तांब्याचा हंडा. रोज चिंचेने लख्ख घासायचा, रात्री विहिरीच्या पाण्याने भरून ठेवायचा. दुसरं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. माळकरी बाई, घरात झिंगे म्हटल्यावर त्यांनी नाकाला पदर लावला. पण दुपारी करमत नसे. त्यांचा पाट सरकत सरकत टँकपाशी आला.

एकदा मी बाजारातून आले तर त्यांनी स्वतःहून सांगितलं, टँकचं पाणी खाली गेलं होतं म्हणून हंड्यातलं ओतलं. मला फार बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत टँकमधले सगळे झिंगे आडवे झाले. मी चुलीपुढे बसून रडले.

शेजारणींनी कारखान्यांच्या धुराला बोल लावला, नवऱ्याने मी घातलेल्या पालकाला. मला दोन्ही पटेनात. धूर आणि पालक बरणीतल्या मादीलाही होतेच, आणि ती मजेत होती. फरक फक्त हंड्याचा. ओढ्यावरून आणखी झिंगे आणले, दोन काचेच्या पेल्यांत एकेक सोडला. एकात विहिरीचं पाणी, एकात हंड्यातलं. हंड्याच्या पाण्यातला दुसऱ्या दिवशी मेला.

आता हे सांगायचं कसं? मला राग आला होता आणि रागावता येत नव्हतं, कारण त्यांनी घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी दिलं होतं. पण बरणीतलं पाणीही उतरत होतं आणि त्या कधीही ती भरतील अशी धास्ती होती. दोन्ही पेले समोर ठेवून मी सांगून टाकलं, "आई, तांब्याचं पाणी आपल्याला चांगलं, यांना विष आहे."

त्या हंड्याकडे बघत राहिल्या. मग तो उचलून त्यांनी आपल्या सामानाशेजारी नेऊन ठेवला. मला वाटलं, आता धुळ्याची गाडी धरतात. संध्याकाळी बघते तर त्या विहिरीवरून प्लॅस्टिकची बादली घेऊन येत होत्या. ती त्यांनी बरणीशेजारी ठेवली आणि ताटाने झाकली.

काही दिवसांनी सकाळी मी मोरीत हंडा घासत होते. आतून हाक आली, "लवकर ये व माय, बाळंत झाली ती."

मी धावले. शेवाळावर डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढीशी पिल्लं, आईची हुबेहूब, आपापल्या पायांवर चालत होती. मला हसू फुटत होतं. एखादं बोटावर घ्यावं म्हणून मी बरणीत हात घालणार, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. "हंडा घासत व्हती ना तू?"