चार अंश

सडलेल्या जखमेतले किडे सिस्टरबाई चिमट्याने एकेक वेचायच्या, आणि वेचता वेचता म्हातारीला सुनेची खुशाली विचारायच्या. लेकराची ओकारी अंगावर आली तरी त्यांचं तोंड वाकडं व्हायचं नाही. आम्ही शिकाऊ मुलींनी रुमाल काढला की म्हणायच्या, "घाण पुसली की जाती. कावून नाक धरायलात?" त्यांना किळस यायची ती न बघता लिहिलेल्या आकड्याची. ताप न मोजता केसपेपरवर शंभर लिहिलेला दिसला, की तो कागद त्या मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरायच्या.

पाटोद्याच्या अलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि कोनमापक दिसला की मला घाम फुटायचा. सुईचा कोन शिकवायला सिस्टरबाईंनी डबा उघडून भाकरीचा चतकोर मोडला. "हे नव्वद. मांडीतली सुई अशी सरळ." मग त्याचा अर्धा केला. "हे पंचेचाळीस. गोवराची सुई दंडात, कातडीखाली, तिरपी." नंतर दोन्ही तुकडे मलाच खायला लावले.

दसरा झाला होता. ऊसतोड टोळीचा ट्रक संध्याकाळी निघणार होता, आणि टोळीतल्या अकरा लेकरांची गोवराची लस राहिली होती. उसाच्या फडावर एकाला गोवर आला की तो सगळ्या कोप्यांतून, पाचटाच्या झोपड्यांतून फिरतो. लस दोन ते आठ अंशांतच टिकते; तिच्या फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ तक्त्यात लिहिणं माझं काम. औषधं सांभाळणारे भाऊसाहेब म्हणायचे, रोज चारच असतं, टाक लिहून. मी दोन दिवस फ्रीज न उघडताच चार लिहिलं होतं.

त्या सकाळी सिस्टरबाईंनी झाकण उघडलं. आत एकोणीस अंश होते. भाऊसाहेबांनी फ्रीजची पिन काढून स्वतःचा कूलर लावला होता.

बाईंनी तक्ता पाहिला, माझं अक्षर ओळखलं, आणि नाकाला पदर लावला.

"हात धुऊन ये."

मी धुऊन आले. "परत धू. साबण लाव." तिसऱ्यांदा धुताना मला रडू आलं. तेव्हा म्हणाल्या, "लेकरू रडतंय, आकडा रडत न्हाई. म्हणून तुमी त्याचं काय बी करता."

बाटल्या हाताला गारच लागतात, टोचून टाका, कुणाला कळतंय, असं भाऊसाहेब म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्या बाटल्या बाद केल्या आणि बर्फाचा डबा मांडीवर घेऊन त्या नवी लस आणायला जीपने तालुक्याला गेल्या. जाताना मला ट्रकपाशी उभं केलं, आणि टोळीला थांबवण्याचं खरं कारण सांगायला बजावलं. मी सांगितलं. एक आई माझ्या पायाशी थुंकली. टोळीचा मुकादम हॉर्न वाजवत राहिला.

दिवस मावळता मावळता बाई परतल्या. अकराही सुया त्यांनी मलाच द्यायला लावल्या.

त्यानंतर आठ महिने मी तक्त्यात आकडा लिहिला, की त्या खुर्चीतून उठायच्या, फ्रीज उघडून स्वतः बघायच्या आणि परत बसायच्या. गुडघे दुखायचे, तरी दिवसातून दोनदा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता मी पदवीधर नर्स आहे, माझ्या हाताखाली मुली शिकतात, आणि मीही तशीच उठते.

त्या आठ महिन्यांच्या शेवटी, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, मी फ्रीज उघडला. साडेपाच अंश होते. साडेपाच लिहिले, आणि त्यांना वाट द्यायला सवयीने बाजूला सरकले.

त्या उठल्या नाहीत.