एका घराचा फरक

गुणवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. त्या दिवशीच नव्हे, चांगला महिनाभर. फोनवर सुमनवहिनींचा आवाज ऐकला आणि त्या काही बोलायच्या आत मी म्हणून बसलो, "त्याला सांगा, मी शंभरदा तपासलंय, तीनच होतात." मग त्यांनी सांगितलं. पहाटेच गेला होता. मी पायात चपला अडकवल्या आणि रिक्षा शोधायला निघालो, पण राग काही उतरला नव्हता.

पाटबंधारे खात्यात आम्ही शेजारच्या टेबलांवर चौतीस वर्षं नकाशे काढले. तो मूळचा सावनेरचा. आईबापांनी नाव गुणवंत ठेवलं, पण माणसाचा अंत पाहण्याचा गुण तेवढा त्याच्यात ठासून भरलेला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बुद्धिबळ मांडायचो आणि हा एकेका खेळीवर असा बसायचा की माझा डबा, पान, हात धुणं सगळं होऊन साहेब परत यायचे तरी याचा हात गालावरच. त्याच्या वडिलांनी त्याला जुना देशी खेळ शिकवलेला, मी स्पर्धांतून तयार झालेला, त्यामुळे पहिली काही वर्षं आमची नियमांवरून जुंपायची. त्याहून वाईट खोड कोड्यांची. कुठून तरी एखादा डाव मांडायचा, 'दोन खेळींत मात' म्हणायचं आणि उत्तर म्हणून द्यायचं नाही. एकदा तर कोडं घालून झालं आणि काही महिन्यांसाठी माझी भंडाऱ्याला बदली झाली. तिथे त्याचं पोस्टकार्ड आलं. मला वाटलं, सुटलो. कार्डावर एवढंच होतं, 'सुचलं का?' मी ते कार्ड फाडलं, आणि संध्याकाळी पुन्हा पट मांडून बसलो.

आमची घरं पहिल्यापासून गावाच्या दोन टोकांना, त्याचं गोधनीला, माझं खामल्याला. निवृत्त झाल्यावर ऑफिसातली रोजची भेट संपली. गाव ओलांडून जायचा कंटाळा, उन्हाळ्यात तर विचारायलाच नको, म्हणून आम्ही मोबाइलवर खेळू लागलो. त्याला ते आवडायचं नाही. 'मोबाइलवर काही मजा नाही' असं दोन-चारदा पुटपुटला, मग गप्प बसला. घरी ये म्हणायचा. मी येतो म्हणायचो.

तर महिन्याभरापूर्वी त्याने घरच्या पटाचा फोटो पाठवला, वाकडा, कोपऱ्यात स्वतःचा अंगठा. खाली मजकूर, 'पांढऱ्याची खेळी. दोन खेळींत मात.' पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि एक उंट. काळ्याचा राजा कोपऱ्याशेजारी, एक हत्ती लांब, आणि दोन प्यादी अजून जागची न हललेली. अर्ध्या तासात मी सोडवलं. हत्तीचा शह द्यायचा, राजाला कोपऱ्यात जावंच लागतं. मग लांबच्या तिरप्या रेषेवरून उंटाचा शह. तिथे काळ्याचं पटाच्या मध्याकडचं प्यादं दोन घरं पुढे येऊन उंटाच्या वाटेत उभं राहतं. उंटाने ते खायचं, मात. मी मोजलं, तीन खेळी. त्याला कळवलं. उत्तर आलं, 'तीन नाही गा, दोन.'

मग सुरू झाला छळ. मी उलटं पाहिलं, सुलटं पाहिलं, हत्ती बदलून पाहिला. बायकोने भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तर मी म्हणालो तीन. शेवटी मोबाइललाच विचारलं, तोही तीन म्हणाला. तेवढ्यात गुणवंतला दम लागू लागला आणि त्याला रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो. संत्री नेली नाहीत, मोबाइल नेला. त्याच्या तोंडासमोर धरून म्हणालो, "बघ, मशीनही तीन म्हणतं. तुझं कोडंच चूक आहे. एकदा तरी चुकलो म्हण." खोलीत वहिनी होत्या, नर्स होती. त्याने नाकावरचा मास्क बाजूला केला, हसला, आणि दम घेत घेत म्हणाला, "काहून चिडून राहिला गा... माह्या घरी पाह्य." मला वाटलं, फोटोत काही चुकलं असेल म्हणून पट बघ म्हणतोय. किंवा त्याला घरी जायचं असेल, आजारी माणसं म्हणतातच तसं. हट्टीपणाला औषध नाही, असं काहीसं बोलून मी निघून आलो. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. आमच्यातलं शेवटचं वाक्य माझं होतं आणि ते असलं होतं.

तेरवीला माणसांची गर्दी होती, मी पटाकडे पाहिलंही नाही. पुढे पंधरवड्याने वहिनींनीच बोलावलं. ऊन वाढलं होतं, कूलर खिडकीत बसवायचा होता, आणि खिडकीतल्या स्टुलावर तो पट तसाच मांडलेला. भाऊजी येईपर्यंत हात लावायचा नाही, असं गुणवंतने बजावून ठेवलं होतं म्हणे. वहिनी रोज एकेका मोहऱ्याभोवतीची धूळ पुसत होत्या. मी बघितलं. फोटोतल्यासारखाच पट, एक मोहरा इकडचा तिकडे नाही. म्हणजे चूक त्याचीच. बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. कसं आहे दाखवा तरी, म्हणाल्या. मी हत्तीचा शह दिला. राजा कोपऱ्यात नेला. उंट आणून तिरप्या रेषेवर ठेवला. मग काळ्याचं ते प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे टेकवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"आमच्या घरी प्यादं एकच घर चालते, भाऊजी. विसरले काय?"

विसरलो होतो. साफ विसरलो होतो. नियमांच्या त्या भांडणाला कंटाळून याच खोलीत वहिनींनीच तोड काढली होती, तुमच्या घरी तुमचा कायदा, आमच्या घरी आमचा. कितीतरी वर्षं आम्ही तसे खेळलो. खामल्याला प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालायचं, इथे एकच. मग मोबाइल आला, त्याला माझाच कायदा ठाऊक, आणि मी दुसरा विसरून गेलो. एक घर चालणारं प्यादं उंटाच्या वाटेत पोचतच नाही. तिथेच मात. दोन खेळी. 'माह्या घरी पाह्य.' मरणाच्या दारात माणसाने उत्तर दिलं, आयुष्यात पहिल्यांदा दिलं, आणि मी त्याला हट्टी म्हणून आलो...

मला रडू आलं, पण आधी राग आला. अरे, एक घर म्हणायला काय झालं होतं? मास्क काढलाच होतास तर दोन शब्द जास्त बोलायचे. आणि मी तरी काय, एकदा रिक्षा करून गोधनीला आलो असतो तर त्यानेच माझा हात धरला असता. वहिनींनी विचारलं, मग चूक कोणाची होती? मी म्हणालो, "माझी. चुकलो." हे ऐकायला तो तिथे असायला हवा होता. मग उठून मी कूलर खिडकीत बसवून दिला, पाणी भरलं, आणि वहिनींनी पट माझ्या पिशवीत घातला.

तो पट आता खामल्याला माझ्या टेबलावर आहे. मोबाइलवर अजून खेळतो, पण पहिल्या खेळीला बोट प्याद्यावर जातं आणि एकाच घरावर थांबतं. गेल्या आठवड्यात ओळीने पाच डाव हरलो. बायको म्हणते, दोन घरं चालवत जा ना, कोण अडवतंय? घर माझं आहे, इथे माझाच कायदा चालायला हवा, हे मलाही कळतं. पण प्यादं पुढे जात नाही.