टाचेचा आवाज

माझा नवरा हेवीवेट बॉक्सर होता. हे ऐकलं की लोक आधी त्याच्या मुठी बघतात, मग नाक. पायांकडे कोणी बघत नाही. मी लग्नाआधी कबड्डी खेळायचे, त्यामुळे माझी नजर माणसाच्या आधी पायांवर जाते. खोडच आहे ती. त्याला पहिल्यांदा सराव करताना पाहिलं, तेव्हा एवढं मोठं धूड चवड्यांवर फिरत होतं आणि टाच काही जमिनीला टेकत नव्हती. समोरच्याभोवती गोल फिरायचा, आत शिरायचा, ठोसा द्यायचा आणि त्याने हात उचलायच्या आत बाहेर. मी तिथेच फसले.

लग्नानंतर आम्ही कांदिवलीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. रोज सकाळी त्याने कॉट उभी करून भिंतीला लावायची आणि हॉलमध्ये अनवाणी सराव करायचा, समोर कोणी आहे असं समजून. खाली एक मालवणी काकू राहतात. आमच्याकडे वाटी पडली तरी त्यांना ऐकू जातं. पण डोक्यावर शंभरेक किलोचा माणूस नाचतोय, याचा त्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. मला तरी कुठे ऐकू यायचं? पोळ्या लाटता लाटता मी मागे वळून बघायचे, आहे ना हा घरात?

मग एका उन्हाळ्यात काकू सकाळीच वर आल्या, तोंड फुगवून. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका वर्षाचा मसाला एकत्र करतात. मिरच्या एकत्र आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या आणि सगळ्यांनी मिळून डंकाच्या गिरणीत कुटायला न्यायच्या. त्यात कोणी फुटून निघालं, तर तो राग दिवाळीपर्यंत पुरतो.

"यंदा एकटीच कुटतंस गो? आमका सांगूक नाय ता?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"अहो काकू, मिरच्या अजून आणल्या पण नाहीयेत मी."

"मग रोज सकाळी धपधप कसली?"

मी त्यांना आत घेतलं, कोरडा खलबत्ता दाखवला. तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, धप. मग पुन्हा, धप. आम्ही दोघींनी डोकावून पाहिलं. तो नेहमीसारखा फिरत होता, पण वळताना मागच्या पायाची टाच खाली येत होती. काकूंचा राग गेला, त्या हसत सुटल्या. मला काही हसू आलं नाही.

माझ्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी मी त्याला सांगून टाकलं, "तुझी टाच पडतेय."

"काकूंचे कान तिखट आहेत," तो म्हणाला आणि टीव्ही मोठा केला. पण दुसऱ्या दिवशी सराव करताना तो मध्येच थांबत होता. स्वतःचाच आवाज ऐकत होता.

त्यानंतर त्याची चाल बदलली. गोल फिरणं त्याने सोडलं. रिंगच्या मधोमध उभं राहायचं आणि फिरायचं काम समोरच्याला द्यायचं. पूर्वी जिथे धावून जायचा, तिथे अर्धंच पाऊल टाकून वाट अडवायचा. दम लागला की समोरच्याला बिलगून आपलं वजन त्याच्या खांद्यावर टाकायचं. हे शहाणपण असतं आणि ते सगळ्यांना जमत नाही, हे मलाही कळतं.

त्याच्या ऑफिसच्या स्पर्धेत तो शेवटचा खेळला, तेव्हा समोर एक तरणाबांड पोरगा होता. पोरगा त्याच्याभोवती फिरून फिरून दमला. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, "काका हलतच नाही यार." काका जिंकले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला रडू येत होतं. लोकांना वाटलं, आनंदाचं. त्या पोराचे पाय बघून मला माझा माणूस आठवत होता, आणि तो जिंकलेला माणूस तर मधोमध उभा होता.

आता तो पन्नाशीला आलाय. गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी कॉट उभी राहते. आता तो कुठल्या खोलीत आहे, ते वळून न बघता कळतं.

या मे महिन्यात काकू गावी गेल्या आणि तुळशीला पाणी घालायला चावी आमच्याकडे देऊन गेल्या. एकदा पाणी घालताना वर त्याचा सराव सुरू झाला. काकू इतकी वर्षं काय ऐकतायत, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. धप. धप. मग एकदम काहीच नाही.

मी तांब्या हातात धरून वर बघत राहिले. वर तो चवड्यांवर आला होता. फिरत होता, आत शिरत होता, बाहेर येत होता, आणि टाच टेकत नव्हती. मला ते स्पष्ट दिसत होतं. कुंडीतून पाणी बाहेर वाहून माझ्या पायाखाली आलं, तरी मी हलले नाही.

वर गेले, तेव्हा तो टॉवेलने मान पुसत होता.

"होतीस कुठे?"

"खाली. तुझा आवाज ऐकत होते," मी म्हटलं. "मध्ये बराच वेळ आलाच नाही रे."

"बसलो होतो गं जरा," तो म्हणाला.

तेवढं त्याने सांगायला नको होतं.