तिसऱ्या शिट्टीपर्यंत

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला मेधाचा, विनयच्या बायकोचा, फोन आला. "सतीशदादा, विनय ऑफिसात खुर्चीतून पडला म्हणतायत..." मग तिने हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मी सेरंगूनच्या माझ्या ऑफिसातून तिथे पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. विनय सत्तेचाळीस वर्षांचा होता. या गोष्टीला आता आठ आठवडे झाले. मी अकाउंटंट, आकडे लक्षात राहतात. पण विनयच्या बाबतीतला एक आकडा मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

आमची ओळख नऊ वर्षांची. तो सांगलीचा, इंजिनियर, इथे परदेशात एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. नोकरी गेली की हा पास जातो आणि त्याच्याबरोबर बायकोमुलांचं इथे राहणंही. मी फार पूर्वी पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी झालो, त्याचा अर्ज तीनदा परत आला. त्याचा जीव मात्र इतिहासात रमायचा. माझी मुक्ता आणि त्याचा ओंकार एकाच वर्गात. एका वर्षी त्यांना एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेवर प्रोजेक्ट होतं, म्हणून दर शनिवारी तो सहा मुलांना शिकवायला लागला. प्रोजेक्ट संपलं तरी शनिवार चालूच राहिले.

तोआ पायोहच्या त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या फरशीवर त्याने पिवळ्या चिकटपट्टीने एक चौकोन आखला होता. आई, बाप, चार मुलं आणि एक पोटभाडेकरू, सगळे न्यूयॉर्कच्या अशा एका खोलीत राहायचे, तिथेच शिवणकाम करायचे, हे मुलांना कळावं म्हणून. मी टेप लावून मोजलं, आठ फूट बाय दहा. "पुस्तकात हेच माप आहे?" मी विचारलं. "अंदाजाने आखलंय रे. ऑडिट कसलं करतोस?" तो म्हणाला. नियम एकच होता. मुलांनी चौकोनात उभं राहायचं आणि मेधाच्या कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. शिट्टी म्हणजे कारखान्याचा भोंगा. विनयही आत उभा राहायचा, पोटभाडेकरू म्हणून. मेधा स्वयंपाकघरातून ओरडायची, "आज राजमा आहे, भोंग्याला उशीर होईल."

एका शनिवारी तो अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या मालकाने वसवलेल्या गावाबद्दल सांगत होता. इटलीहून, पोलंडहून आलेले कामगार. घर मालकाचं, दुकान मालकाचं, चर्चसुद्धा. मंदी आली तेव्हा मालकाने मजुरी कापली, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. मुक्ता इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "अंकल, मग रिझाइन करायचं ना लाह. सो सिंपल." विनय हसला. "रिझाइन केलं की घर पण सोडायचं, बाळा. आणि बोटीने परत जायचं तर गावी काय सांगायचं?" तिसरी शिट्टी झाली, मुलं टेबलाकडे पळाली. विनय मात्र चौकोनातच उभा राहिला. "सतीश," तो म्हणाला, "सांगलीतल्या एका शाळेत इतिहासाची जागा आहे. जाऊ का? खरं सांगू, सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरताना छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं..." छातीचं मी ऐकलं, पण ते बोलण्यापुरतं धरलं. मी बोटांवर महिने मोजले. ओंकारची ओ-लेव्हल, म्हणजे इथली दहावीची परीक्षा चौदा महिन्यांवर होती. "तेवढी होऊ दे," मी म्हणालो. "चौदाच महिने. ढकल." त्याने पट्टीचं उचकटलेलं टोक पायाने दाबलं. मग म्हणाला, "तू मोजलंयस म्हणजे बरोबरच असणार."

त्या चौदांतल्या अकराव्या महिन्यात तो गेला.

त्याच्यामागोमाग मेधाचा आणि ओंकारचा पासही संपला. ओंकारला विद्यार्थी म्हणून मागे ठेवता येईल का, हे मी विचारून आलो, कागदही आणले. मेधाने ते वाचले, घडी घालून मला परत दिले. "त्याला एकट्याला इथे ठेवून मी तिकडे झोपू शकेन का, दादा?" ज्या परीक्षेसाठी मी विनयला थांबवलं, ती न देताच ओंकार सांगलीला गेला. मेधाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं वाटतं.

फ्लॅट मालकाला होता तसा परत करायचा होता. ते काम मी मागून घेतलं. शनिवारी गेलो. सामान गेलेलं, पडदे काढलेले. गुडघ्यांवर बसून चिकटपट्टी सोलली, निघायला पाऊण तास लागला. खालचा डिंक थिनरने पुसला. तरी पट्टीखालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ राहिली, चारही बाजूंनी. मालकाचा एजंट किल्ल्या घ्यायला आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पार्टिशन होतं का इथे?" मी नाही म्हणालो. तो मीटरचं रीडिंग घ्यायला बाहेर गेला.

माझ्या लक्षात आलं, की मी त्या चौकोनाच्या आत उभा आहे. स्वयंपाकघराचा ओटा रिकामा होता, गॅसची नळी गुंडाळून ठेवलेली, कुकर मेधाबरोबर गेलेला. दार उघडंच होतं, चार पावलांवर... एजंटने दोनदा हाक मारली तरी मी तिथेच होतो.